आमच्या काठाला नाव परत द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
आणि कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावरच्या सर्व ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, सरपंच आणि सदस्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे. गावोगावच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून काठावर रचायचं काम चालू आहे. आणखी महिना-दीड महिन्यानं वर्तमानपत्रात एक बातमी येईल. ती मी आत्ताच सांगू शकते, कारण दर पावसाळ्यात तीच येते. कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली. मलिकवाड-दत्तवाड पाण्याखाली. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, बारवाड-कुन्नूर, कल्लोळ-येडूर पाण्याखाली. वाहतूक पर्यायी मार्गानं वळवली.

या 'पर्यायी मार्गा'बद्दल हे पत्र आहे. मी निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठावर राहते. आमच्या समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथल्या देवळातली घंटा वारा इकडचा असला की ऐकू येते. एरवी बंधाऱ्यावरून दुचाकीनं पाच मिनिटं लागतात. बंधारा बुडाला की तेच गाव दीड-दोन तासांवर जातं, तेही मधला दुसरा पूल उघडा असला तर. पलीकडे ज्यांची शेतं आहेत त्यांची जनावरं इकडे उपाशी. इकडचं दूध तिकडच्या डेअरीला वेळेत पोचत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीचं सासर समोर दिसत असतं आणि नवरा फोनवर बोलत पलीकडच्या काठाला उभा असतो. आमच्या लहानपणी पर्यायी मार्ग काठालाच बांधलेला असायचा. त्याला नाव म्हणायचे, म्हणजे होडी.

आधी बंधाऱ्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कुणी मला पुलांच्या विरोधातली म्हणणार नाही. आमच्या भागातले बहुतेक बंधारे कोल्हापूर पद्धतीचे आहेत. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्यांच्या खाचांत बसवायचे बरगे, आणि वरून माणसं-गाड्या जातील एवढा रस्ता. पावसाळा संपला की बरगे घालायचे आणि उतरतं पाणी अडवायचं. पावसाळा आला की बरगे काढायचे आणि पुराला वाट मोकळी करून द्यायची. या बंधाऱ्याची उंची मुद्दामच कमी ठेवलेली असते, पूर त्याच्या डोक्यावरून जावा म्हणूनच. म्हणजे बंधारा बुडतो तेव्हा तो बिघडलेला नसतो, ठरल्याप्रमाणे वागत असतो. चूक आपली. पाणी अडवायच्या साधनाला आपण बाराही महिन्यांचा पूल मानला आणि त्या विश्वासावर घाटावरच्या नावा मोडीत काढल्या. उसाला पाणी मिळालं, आठ महिन्यांचा रस्ता मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. उरलेल्या चार महिन्यांचा हिशेब मात्र कुणी केला नाही.

मी हायस्कूलला नावेतून गेले. आमच्या गावात मराठी शाळा सातवीपर्यंत होती. पुढचं शिक्षण पलीकडच्या काठाला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. १९५६ च्या नोव्हेंबरात आमचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते. मला कळायला लागलं तेव्हा सीमा नदीच्या मधोमध होती आणि नाव दिवसातून वीस वेळा ती ओलांडत होती. नावेत तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका असायच्या, दुधाच्या किटल्या असायच्या, बाजाराला निघालेल्या शेळ्या असायच्या, आणि पुस्तकांच्या पिशव्या मांडीवर घट्ट धरलेल्या आम्ही चार-पाच मुली. आमचे नावाडी तात्या (सगळा गाव त्यांना तात्याच म्हणायचा) दोन्ही भाषांत हाका घालायचे. "चला, चला, मधी सरका की वो!" आणि लगेच, "बर्री, बर्री!" माणसं चढताना मात्र एकच शब्द पुरायचा, सावकाश. तो इकडच्या कन्नडमध्येही आहे आणि मराठीतही.

तात्यांना रोजचे पैसे गावकऱ्यांनी द्यायचे नसत. सुगीला प्रत्येक घरातून जोंधळा आणि शेंगा जायच्या. पैसे परगावच्या उतारूंनी द्यायचे. विद्यार्थ्यांकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. शिक्षिका झाल्यावर पहिल्या पगारातून मी त्यांना धोतरजोडी नेऊन दिली. ती त्यांनी नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लावून मग डोक्याला लावली.

नाव चालवणं म्हणजे वल्हं मारणं, असं ज्यांनी नदी फक्त पुलावरून पाहिली त्यांना वाटतं. मी पुढं भूगोल शिकवला तेव्हा तात्यांची युक्ती मुलांना फळ्यावर गणित मांडून समजावून द्यायचे. समजा, नदीचं पात्र दोनशे मीटर आहे. शांत पाण्यात नाव सेकंदाला एक मीटर जाते. पाण्याची धारही सेकंदाला एक मीटर. नावेचं नाक समोरच्या घाटावर धरून वल्हवत राहिलात तर दोनशे सेकंदांत पलीकडचा काठ येईल, पण घाट नाही येणार. तुम्ही घाटापासून दोनशे मीटर खाली, कुठल्यातरी बाभळीच्या काट्यात जाऊन पडाल. धार दुप्पट झाली तर चारशे मीटर खाली. म्हणून तात्या आधी दोर खांद्यावर घेऊन नाव काठाकाठानं वरच्या अंगाला ओढत न्यायचे. काठाजवळ धार मंद असते, तिथं ताकद कमी लागते. मग वर गेल्यावर नाक धारेला तिरपं घालून सोडायचे. अर्धं काम वल्ह्याचं, अर्धं नदीचं. पाणी जितकं चढेल तितकं आणखी वर जायचं. किती वर, हे ते पाण्याकडं बघून ठरवायचे. पलीकडच्या काठाला एक जुनं उंबराचं झाड होतं, त्याच्या कुठल्या मुळापर्यंत पाणी आलंय यावर त्यांचं वेळापत्रक चालायचं. एका ठरावीक मुळाला पाणी लागलं की नाव बंद. मग कुणीही येवो.

हे 'कुणीही येवो' मी डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रावणातली एक संध्याकाळ होती. पलीकडच्या गावाहून साखरपुडा आटोपून पाटलांच्या घरची मंडळी परतत होती. दिवसभर वर डोंगरात पाऊस झालेला, पाणी मुळाला लागलेलं. तात्यांनी नाव वर ओढून खुंटाला बांधली होती आणि मी शाळेतून उशिरा सुटल्यामुळं पलीकडेच अडकले होते. पाटील काठावर आले, आधी विनंती केली, मग आवाज चढवला. "तात्या, काय बी कर, पोरगी आज घरात गेली पायजे." तात्या म्हणाले, "पाटील, ती माजीबी नातच हाय. म्हणून तर न्हेत न्हाई." त्या रात्री वीस-बावीस माणसं आणि मी एका शाळेच्या पडवीत झोपलो. गावकऱ्यांनी भाकरी-पिठलं आणून दिलं. सकाळी पाणी हातभर उतरलं होतं. तात्यांनी तीन खेपा केल्या, एका खेपेत आठच माणसं. नावेत पंधरा सहज बसली असती. पाटलांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी शेंगांचं पोतं पाठवलं.

'नाही' म्हणायचा हा अधिकार मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो माणसाला केव्हा मिळतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तात्यांचं पोट त्या संध्याकाळच्या भाड्यावर अवलंबून नव्हतं. गावानं त्यांना वर्षाचं बांधून दिलं होतं, म्हणून ते पाटलांना नाही म्हणू शकले. ज्याला माणशी दहा रुपये मिळतात तो आणखी दोन माणसं घेणार, आणखी एक खेप करणार. सगळ्या नदीकाठांवर नावा उलटतात त्यातल्या कितीतरी या दोन माणसांपायी.

हे फक्त आमच्या गावाचं शहाणपण नव्हतं. नाव, नावाडी आणि राज्यकर्ता यांचं नातं आपल्याकडं फार जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावांवर देखरेख करणारा नावध्यक्ष हा अधिकारी आहे आणि नदी उतरण्याचे दर ठरलेले आहेत. ओझ्यासह माणूस एक माषक (त्या वेळचं नाणं), गाय किंवा घोडा दोन, उंट-म्हैस चार, हलकी गाडी पाच, बैलगाडी सहा, मोठा गाडा सात. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी, गरोदर बायका यांना फुकट. मला त्यातल्या दोन गोष्टी तुमच्यापुढं ठेवायच्या आहेत. एक म्हणजे तरीचा, म्हणजे नदी उतरवणाऱ्या नावेचा, हंगाम. आषाढी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तर चालवायची, असं तिथं सांगितलं आहे. म्हणजे नेमके तेच महिने, ज्यांत आज आमचे बंधारे बुडालेले असतात. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. नावेवर काम करणारी माणसं कमी असल्यामुळं, साधनं नसल्यामुळं किंवा डागडुजी न केल्यामुळं नाव बुडाली, तर नुकसान नावध्यक्षानं भरून द्यायचं. नावाड्यानं नव्हे, अधिकाऱ्यानं. महोदय, दोन हजार वर्षांपूर्वी नदी उतरवण्याची जबाबदारी सरकारची होती.

त्या ग्रंथात फेरीला जो शब्द आहे तोच आमच्या कृष्णाकाठी आजही आहे, 'तर'. म्हातारी माणसं अजून 'तरीवर जाऊन येतो' म्हणतात. मराठीचा केवढा संसार या नावेत आहे! नदी उतरणारा तो उतारू. आज एसटीत बसणाऱ्यालाही आपण उतारूच म्हणतो. तरणोपाय म्हणजे तरून जायचा उपाय. सांगड म्हणजे दोन ओंडके किंवा वाळलेले भोपळे एकमेकांना बांधून केलेला तरंगता आधार, ज्याच्यावर छाती टेकून माणूस नदी पार करायचा. आता सभेत भाषण करणारे 'परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालू' म्हणतात तेव्हा मला ते भोपळे दिसतात. कन्नडमध्ये अंबी म्हणजे नाव आणि अंबिग म्हणजे नावाडी. आमच्या भागात आडनाव अंबी असलेली घरं आहेत, आणि ती मराठी बोलणारीही आहेत, कन्नड बोलणारीही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळातले शरण अंबिगर चौडय्या हे व्यवसायानं नावाडी होते. वचनं लिहिणाऱ्या संतानं आपल्या नावातच 'नावाडी' मिरवलं, यातून त्या कामाची पत कळते.

सोळाव्या शतकात, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पाएस हा पोर्तुगीज प्रवासी विजयनगरला आला. तुंगभद्रेवर त्यानं टोपलीसारख्या गोल नावा पाहिल्या. आत वेत, बाहेर कातडं, पंधरा-वीस माणसं मावतात, घोडे-बैलही नेतात, आणि या नावा सरळ न जाता गोल गोल फिरत जातात, असं त्यानं लिहून ठेवलं. हा आपला हरगोल. हंपीला पर्यटक आजही त्यात बसून फोटो काढतात.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट सांगायची तर मुनवळ्ळीची सांगावी लागेल. ३० जुलै १८०० ला मलप्रभेच्या काठावर, मुनवळ्ळीसमोर, इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीनं बंडखोर धोंडिया वाघाचा तळ अचानक गाठला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आषाढ-श्रावणातली नदी दुथडी भरलेली. धोंडियाच्या तोफा पलीकडे पोचल्या होत्या, माणसं अलीकडे राहिली होती. सुमारे पाच हजार माणसं नदीत लोटली गेली आणि बुडाली, असं वेलस्लीनं स्वतः पत्रात कळवलं. मग त्याच्या काही सैनिकांनी पोहत जाऊन पलीकडची एक नाव हस्तगत केली आणि तिच्यातून तोफा अलीकडे आणल्या. एक नाव! इतिहासाच्या पुस्तकात ही चकमक एखाद्या ओळीत आटोपते. मी वर्गात ती शिकवताना थांबायचे आणि मुलांना विचारायचे, त्या पाच हजारांत किती सैनिक असतील, आणि किती जण सैन्यामागून चालणारे, चारा वाहणारे, भाकऱ्या भाजणारे असतील? आणि त्या काठाला पुरेशा नावा असत्या तर? वेलस्लीनं स्वतः मात्र धडा घेतला होता. पावसाळ्यात इथल्या नद्या उतारानं, म्हणजे उथळ जागेतून चालत, पार होत नाहीत हे ओळखून त्यानं त्या मोहिमेत कातड्यानं मढवलेल्या टोपलीनावा बांधून घेतल्या.

पुढं इंग्रज सरकारनं १८६८ साली मुंबई इलाख्यात तरी आणि नावांसाठी स्वतंत्र कायदा केला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात. तरीचे लिलाव, ठरलेले दर, ठेकेदाराची जबाबदारी, हे सगळं त्यानंतरच्या काळात कागदावर आलं. मग मिरजेहून बेळगावकडे येणारी रेल्वे कुडचीजवळ कृष्णा ओलांडून गेली. १९२९ साली सांगलीला आयर्विन पूल झाला. नावा एकेका घाटावरून कमी होत गेल्या, तरी माघात चिंचलीच्या मायाक्काला जाणाऱ्या बैलगाड्या उतारातून नदी पार करत, आणि पाणी जास्त असलं तर माणसं नावेतून जात. नरसोबाच्या वाडीला तर नावेतून पलीकडे जाणं हा दर्शनाचाच भाग होता. आमची आज्जी वाडीहून परतली की देवापेक्षा नावेचंच जास्त सांगायची.

आमची तर केव्हा बंद झाली याची तारीख कुणी लिहून ठेवली नाही. बंधारा झाला, उतारू कमी झाले, सुगीचं बांधून दिलेलं थांबलं. तात्या गेले. मुलानं काही वर्षं पावसाळ्यापुरती नाव सोडली, मग तो साखर कारखान्यात कामाला लागला. नाव मारुतीच्या देवळामागं पालथी घातली गेली. तिच्यावर शेणी वाळायला लागल्या. मग फळ्या कुजल्या.

काही वर्षांपूर्वी मी गावच्या बायकांच्या सह्या घेऊन एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला होता, पावसाळ्यापुरती एक नाव आणि एक नावाडी मिळावा म्हणून. तिथल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "बाई, यासाठी कुठलं हेडच नाही." त्यांचा दोष नव्हता. हेड, म्हणजे खर्च टाकायचं सरकारी खातं, नव्हतं हे खरंच होतं. म्हणून हे पत्र हेड उघडू शकणाऱ्यांना लिहिते आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. आमच्या गावात पाणी मध्यरात्री शिरलं. रबरी बोटी आल्या त्या दुसऱ्या दिवशी. आलेली जवान मुलं देवासारखी होती, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण त्यांना कुठं काय आहे हे कसं कळणार? पाण्याखाली कुठं विहिरीचा कठडा आहे, कुठं उसाचा फड, कुठं खाली लोंबणारी विजेची तार? इंजिनाच्या पंख्यात उसाचा पाला आणि जलपर्णी अडकून बोट दोनदा बंद पडली. शेवटी तात्यांचा मुलगा पुढं बसला आणि हातानं दाखवत गेला, डावीकडं घ्या, इथं गुरांचा गोठा आहे, आता सरळ. त्याआधीच्या रात्री गावातल्या पोरांनी दोन म्हातारी माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढली होती. काहील म्हणजे गूळ आटवायचं पसरट भांडं. तरंगतं, पण वळवता येत नाही, धक्का लागला की पाणी आत घेतं. ती माणसं वाचली. आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, कौतुक मला करवत नाही.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. सतरा जीव गेले. नुसती नाव असून भागत नाही, हे सांगायला मी ब्रह्मनाळचं नाव घेते. नाव हवी, तिच्यावर किती माणसं बसवायची याची खूण हवी, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवं, आणि 'नाही' म्हणू शकणारा माणूस हवा. यातलं एकही कमी असलं तर नाव न दिलेली बरी.

तर माझी मागणी काय? पावसाळ्यात जिथं बंधारा बुडतो त्या प्रत्येक जोडगावाला एक मजबूत, सपाट बुडाची, वल्ह्यांची नाव द्या. लाकडाची असो की फायबरची. इंजिनच का नको, असं तरुण विचारतील. मुख्य धारेत, भरल्या पुरात, वल्ह्याच्या नावेनं जाऊच नये, तिथं प्रशिक्षित पथकाचीच बोट हवी. पण पुराआधीचे आणि नंतरचे कितीतरी दिवस पाणी बंधाऱ्यावर असतं आणि तरीही नदी शांत असते. इथं कृष्णेच्या पात्राला उतार फार कमी, त्यामुळं चढलेलं पाणी उतरायला दिवस लागतात. गल्ल्यांत, मळ्यांत साचलेल्या त्या पाण्यात पंख्यापेक्षा वल्हंच भरवशाचं. त्याला पेट्रोल लागत नाही, आणि बिघडलं तर गावचा सुतार दुरुस्त करतो.

नावेपेक्षा नावाड्याबद्दल मला जास्त आग्रह आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याला मासिक मानधन द्या, खेपेवर नको. एकही खेप झाली नाही तरी त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, म्हणजे पाणी खुणेला लागलं की तो तात्यांसारखा नाव बांधून ठेवेल. आमच्या काठांवर कोळी, भोई, अंबी समाजातली पन्नाशी-साठीची माणसं अजून आहेत ज्यांना पाणी वाचता येतं. त्यांच्या हाताखाली दोन-दोन तरुण, त्यात मुलीही, तयार करा. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतंच, त्यात या माणसांना शिकवणारे म्हणून बोलवा, नुसते शिकणारे म्हणून नव्हे.

कायद्याचा आधार आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नावांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, त्यांची नोंदणी स्थानिक पातळीवर करता येते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तर आपणच असता. नावेची नोंद होईल, दर मे महिन्यात तपासणी होईल, बाजूला रंगानं भाराची रेघ मारली जाईल, आणि घाटावर फलक लागेल की किती माणसं बसतील, कोणत्या खुणेला नाव बंद होईल. तो फलक कन्नडमध्ये असावा आणि मराठीतही असावा. बुडणाऱ्या माणसाला सूचना त्याच्या भाषेत कळली पाहिजे, एवढाच माझा त्यामागचा विचार आहे. मी स्वतः हे पत्र मराठीत लिहिलं आहे आणि बेळगावच्या कार्यालयासाठी कन्नड प्रत सोबत जोडली आहे. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं केली.

दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना एकच पत्र लिहिण्याचं कारणही सांगते. मलिकवाड एका राज्यात, दत्तवाड दुसऱ्या. खिद्रापूरचा कोपेश्वर महाराष्ट्रात, समोरचं जुगूळ कर्नाटकात. अशा ठिकाणी नाव कुणाच्या दप्तरी लावायची, विमा कुणी काढायचा, दुर्घटना झाली तर पंचनामा कुणी करायचा, या प्रश्नांवर फाईल दहा वर्षं फिरत राहील हे मला माहीत आहे. धरणांतून पाणी किती सोडणार हे दोन्ही बाजूंचे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांना कळवतातच. त्याच बैठकीत अर्धा तास नावांसाठी ठेवा. अलीकडच्या काठाची नाव अलीकडच्या पंचायतीची, पलीकडची पलीकडच्या पंचायतीची, आणि दोन्ही नावाड्यांकडं एकमेकांचा फोन नंबर, एवढं ठरलं तरी पुष्कळ होईल. सीमेचा मोठा वाद न्यायालयात आहे, तो तिथं चालू राहील. तोवर आषाढ दरवर्षी येतो.

ग्रामपंचायतींना वेगळं सांगते, कारण सगळं सरकारवर ढकललेलं मला पटत नाही. घाटांची वाट मोकळी करा. आमच्या घाटावर आता राडारोडा आणि प्लॅस्टिक पडलं आहे, नाव आली तरी लागणार कुठं? आणि सुगीला नावाड्याचा वाटा काढायची पद्धत पुन्हा सुरू करा. मानधन सरकारचं असू दे, पण घरटी दोन शेर जोंधळा गावाचा असू दे. त्यातून नावाडी गावाचा होतो.

तात्यांच्या मुलाशी मी बोलले आहे. तो आता साठीला आला आहे. शिकवायला तयार आहे, फक्त म्हणाला, "आक्का, नाव चांगली असंल तरच." जुनी नाव कुजली तेव्हा त्यानं तिची दोन्ही वल्ही माझ्याकडं आणून ठेवली होती. शिसवी आहेत, मुठीकडं तात्यांच्या हातांनी झिजलेली. माळ्यावर तेल लावून ठेवली आहेत. मापं घ्यायला सुतार पाठवलात तर काढून ठेवते.

आपली नम्र,
दूधगंगेकाठची एक निवृत्त शिक्षिका
ता. निपाणी, जि. बेळगाव